हॉलस्टॅटला फक्त ५० मिनिटं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या पेपरात युरोप टूरच्या जाहिराती येतायत, त्यात ऑस्ट्रियातल्या हॉलस्टॅटचा तळ्याकाठचा फोटो दिसला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं ग्रुप टूरने (कंपनीचं नाव देत नाही) तिथे गेलो होतो. हॉलस्टॅट ज्यात येतं तो साल्झकामरगुट हा सगळा भागच तळ्यांचा न् डोंगरांचा, एवढ्या लांब जाऊन आम्हाला मिळाली फक्त ५० मिनिटं, त्यातली पंधरा टॉयलेटच्या लाइनीत गेली, चर्चचा फोटो काढला की चला बसमध्ये.

यंदा मुलीकडे व्हिएन्नाला गेलो तेव्हा ट्रेनने पुन्हा हॉलस्टॅटला गेलो आणि मुद्दाम एक रात्र राहिलो. स्टेशन तळ्याच्या पलीकडे आहे, उतरलं की बोट गावात नेते. या गावाचं सगळं वैभव मिठाचं. तिथल्या खाणीत एक लाकडी जिना सापडलाय, इ.स.पूर्व १३४४ मध्ये तोडलेल्या झाडांचा, मिठामुळे लाकूड कुजलंच नाही! वरच्या चर्चजवळ कवट्यांची खोली आहे. डोंगर आणि तळं यांच्यामध्ये दफनाला जागाच कमी, म्हणून काही वर्षांनी हाडं काढून, उन्हात वाळवून, कवटीवर फुलं-पानं रंगवून त्या माणसाचं नाव लिहायचे. १२०० च्या आसपास कवट्या आहेत, रंगवलेल्या ६०० हून जास्त, शेवटची १९९५ ला ठेवली. भीती अजिबात वाटली नाही, उलट किती मायेने ठेवलंय आपल्या माणसांना असं वाटून डोळे भरून आले. पहिल्या वेळी यातलं काहीच बघितलं नव्हतं.

गावात माणसं जेमतेम साडेसातशे आणि सीझनला दिवसाला १०,००० पर्यंत टुरिस्ट. २०२३ मध्ये तर लोक वैतागले म्हणून गावाच्या प्रशासनाने सेल्फी काढायच्या जागी लाकडी कुंपण घातलं होतं, मग टीका झाली म्हणून काढलं. आमच्या ग्रुपमधले लोक पण कुणाच्या तरी खिडकीखाली उभे राहून एकमेकांना हाका मारत होते, आम्हीही त्यातच, त्याचं आता खरंच वाईट वाटतं. संध्याकाळी बसेस गेल्या की गाव एकदम शांत होतं, लोक बाहेर येऊन बाकांवर बसतात, पाण्याचा आवाज ऐकू येतो.

टूरवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हॉलस्टॅटला किंवा शेजारच्या ओबरट्राउनला एक मुक्काम ठेवा, त्यासाठी दुसरं एखादं शहर गाळलं तरी चालेल. आणि वाचकांनो, पैसे भरण्याआधी विचारा, तिथे नक्की किती तास देणार ते.

आपली नियमित वाचक,
ठाणे