परिसराच्या बातम्या देणारी संकेतस्थळे आणि उद्याची नोंद

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्थानिक वृत्तपत्रे बंद पडत असताना आपापल्या परिसराच्या बातम्या देणारी छोटी संकेतस्थळे उभी राहत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. हे आधीच लिहिते, कारण पुढचे म्हणणे त्यांच्या विरोधातले नाही. ती टिकावीत म्हणूनच लिहिते आहे.

मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात नोकरी केली. वृत्तपत्रांचे अंक तारखेनुसार लावायचे, गहाळ पाने शोधायची, खंड बांधून घ्यायचे आणि मागेल त्याला ते काढून द्यायचे, हे माझे काम. जुने अंक मागायला कोण येतात याची बाहेर फारशी कल्पना नसते. संशोधक थोडेच. बाकीचे अगदी साध्या कामासाठी येतात. जाहीर नोटीस कोणत्या तारखेला छापून आली होती, त्या वर्षी पुराचे पाणी कुठवर चढले होते, पुलाच्या ठरावाच्या वेळी सभेत कोण काय बोलले होते. ही उत्तरे मोठ्या दैनिकाच्या पहिल्या पानावर क्वचितच सापडली. सापडली ती छोट्या पत्राच्या आतल्या पानावर, चार ओळींच्या बातमीत.

त्या चार ओळी लिहिणारा माणूस गेला की काय होते, हे कॅलिफोर्नियातल्या बेल या छोट्या शहराने दाखवले. तिथल्या कारभाराकडे नियमित लक्ष ठेवणारे पत्र नव्हते. शहराचा मुख्य प्रशासक वर्षाला सुमारे ७ लाख ८७ हजार डॉलर पगार घेत होता आणि रहिवाशांना त्याचा पत्ता नव्हता. २०१० साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या बातमीदारांनी ते उघड केले. पण मोठे दैनिक पोहोचेपर्यंत वर्षे उलटून गेली होती.

पत्रे का बुडाली हे आपल्याला सांगायला नको. छोट्या जाहिरातींवर त्यांचा संसार चालत असे. १९९५ साली सुरू झालेल्या ‘क्रेगलिस्ट’ या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणी त्या जवळजवळ फुकट देता येऊ लागल्या आणि उरलेल्या जाहिराती शोधयंत्रांनी व समाजमाध्यमांनी ओढून घेतल्या. अमेरिकेत २००५ पासून एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे नाहीशी झाली आहेत.

त्या रिकाम्या जागेत जी माणसे उतरली त्यांचे मोल मी कमी लेखणार नाही. सिॲटलच्या एका भागापुरते लिहिणारे ‘वेस्ट सिॲटल ब्लॉग’ डिसेंबर २००६ च्या वादळात लोकांच्या कामी आले, कारण वीज कुठे गेली आहे आणि रस्ता कुठे बंद आहे हे तिथे कळत होते. त्यानंतर ते नियमित बातम्या देऊ लागले. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या ‘बर्कलीसाइड’ या संकेतस्थळाने २०१८ साली आपल्याच ३५५ वाचकांकडून १० लाख डॉलरचे भांडवल उभे केले. ‘लुकआउट सांता क्रूझ’ हे २०२० साली सुरू झालेले संकेतस्थळ. पूर आणि दरडींच्या वार्तांकनासाठी त्याला पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार २०२४ साली मिळाला. कामाचा दर्जा कागदावर अवलंबून नसतो, हे यावरून दिसते.

मला काळजी आहे ती वेगळीच. २००९ साली डेन्व्हरचे ‘रॉकी माउंटन न्यूज’ बंद झाले. १८५९ सालापासूनचे पत्र, दीडशे वर्षे पुरी व्हायला दोन महिने उरले होते. पत्र गेले, पण त्याचा संग्रह डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे आणि कुणीही जाऊन पाहू शकतो. आता दुसरे उदाहरण पाहा. न्यूयॉर्क आणि शिकागोच्या वस्त्यावस्त्यांच्या बातम्या देणारे ‘डीएनएइन्फो’ हे संकेतस्थळ २ नोव्हेंबर २०१७ रोजी मालकाने बंद केले. ११५ जणांची नोकरी गेली. त्याच दिवशी जुन्या बातम्याही दिसेनाशा झाल्या. कोणतीही बातमी उघडली तरी समोर मालकाचे निवेदन येत होते. ओरड झाल्यावर संग्रह परत उपलब्ध झाला आणि तिथल्या काही पत्रकारांनी पुढच्या वर्षी ‘ब्लॉक क्लब शिकागो’ सुरू केले, हे चांगलेच झाले. पण काही वर्षांची नोंद एका माणसाच्या मर्जीवर टांगलेली होती, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. छापील अंकाच्या बाबतीत मालकाला हे करताच आले नसते. त्याच्या प्रती शेकडो घरांत आणि ग्रंथालयांत गेलेल्या असतात.

याहूनही वाईट घडते. आयोवा राज्यातल्या ‘क्लेटन काउंटी रजिस्टर’ या छोट्या साप्ताहिकाचा जुना वेबपत्ता दुसऱ्यांच्या हाती गेला आणि त्याच नावाखाली यंत्राने रचलेला मजकूर प्रसिद्ध होऊ लागला. डोमेनचे, म्हणजे वेबपत्त्याच्या नोंदणीचे, नूतनीकरण राहून गेले की तो पत्ता कुणीही विकत घेऊ शकतो, आणि त्या नावावरचा लोकांचा वर्षानुवर्षांचा विश्वासही त्याच्या हाती जातो.

आणखी एक गोष्ट मला ग्रंथपाल म्हणून फार खटकते. छापील पत्रात चूक झाली तर ती तशीच राहते आणि नंतरच्या अंकात दुरुस्ती छापली जाते. दोन्ही आमच्या खंडात असतात. कुणी कधी काय म्हटले आणि कधी मागे घेतले, हे तारखेसह दाखवता येते. संकेतस्थळावर मात्र मजकूर जागच्या जागी बदलतो. सकाळी वाचलेला आकडा संध्याकाळी वेगळा असतो आणि बदल झाल्याची खूणही नसते. त्या बातमीचा आधार घेऊन अर्ज लिहिलेल्या माणसाने काय करायचे? काही ठिकाणी बातम्या केवळ फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटांत दिल्या जातात. त्या पुढच्या महिन्यातच शोधून सापडत नाहीत, मग दहा वर्षांनी कुठून सापडणार?

कागद अमर आहे असे मी म्हणत नाही. वृत्तपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून तर मायक्रोफिल्म, म्हणजे पानांची अगदी लहान छायाचित्रे घेतलेली फिल्म, आली. पण कागदाच्या मागे एक व्यवस्था होती. अनेक देशांत प्रत्येक अंकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत पाठवणे कायद्याने बंधनकारक आहे. ब्रिटनने २०१३ साली हाच नियम संकेतस्थळांना लावला आणि आता तिथली राष्ट्रीय ग्रंथालये त्यांची पाने जतन करतात. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संकेतस्थळांच्या प्रती जपणारी संस्था तर १९९६ पासून हे काम करत आहे. त्यांच्या ‘वेबॅक मशीन’वर बहुतेक सार्वजनिक पाने आपण स्वतः फुकट साठवू शकतो. ज्या संकेतस्थळाला दोन माणसांचा पगार भागवणेही अवघड जाते, त्याला एवढे नक्की जमेल.

या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. बातमीखाली ती प्रसिद्ध झाल्याची वेळ द्या, आणि नंतर बदल केला तर काय बदलले ते एका ओळीत लिहा. वर्षातून एकदा सगळ्या मजकुराची प्रत जवळच्या ग्रंथालयाला द्या. बंद करण्याची वेळ आली, तर संग्रह कुणाकडे जाईल हे कामकाज सुरळीत चालू असतानाच लिहून ठेवा. शेवटच्या महिन्यात कुणाला त्याची सवड नसते.

संपादक महोदय, हेच मला आपल्यालाही विचारायचे आहे. मोठ्या दैनिकांच्या स्थानिक पुरवण्या आटल्या तशी त्यांची संकेतस्थळेही अनेकदा नव्याने बांधली गेली आणि त्यात जुने दुवे तुटले. आपल्याकडच्या जुन्या स्थानिक बातम्या आज कुठे आहेत, त्या वाचकाला कशा मिळतील, हे कृपया याच स्तंभात कळवावे. त्यांची विषयवार सूची करायची असेल तर माझ्यासारखे निवृत्त ग्रंथपाल हे काम आनंदाने करतील. मानधनाची अपेक्षा नाही. बसायला जागा आणि मजकुराची एक पूर्ण प्रत मिळाली की पुरे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल