मंडळी आधी, कायदा मागाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पतसंस्था बुडाली की ‘कायदा कडक करा’ अशी ओरड होते. मला वाटतं, संस्था आधी माणसांच्या वागण्यात मुरते, कायदा मागाहून येतो. आपल्या वडोदऱ्याचंच पाहा. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकारानं इथे ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली ती 1889 साली. इंग्रजांचा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला 1904मध्ये.

हे बळ कुठून आलं, ते मी आजीच्या भिशीत पाहिलंय. दर महिन्याला बारा जणी, पितळी डब्यात बारा चिठ्ठ्या. पण एखादीच्या मुलीचं लग्न ठरलं असेल, तर चिठ्ठी न काढताच रक्कम तिच्या हातात. पुढचे हप्ते ती बुडवेल ही शंका कुणाला शिवतही नसे. मंगळागौरीला त्याच बायकांपुढे उभं राहायचं होतं ना!

अर्थात हा विश्वास ओळखीपुरताच होता. जामीन राहायचं ते भाऊबंदांना, आपल्या जातीतल्याला, बाकीचे दाराबाहेर. म्हणून सयाजीरावांचं मोल मला जास्त वाटतं. संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1906मध्ये, बँक ऑफ बडोदा 1908मध्ये. पासबुक वाचता आलं, तर अनोळखी माणूसही हिशेब विचारू शकतो.

पण विचारतंय कोण? ‘अन्योन्य’ची पुढे बँक झाली आणि नंतर ती बंद पडली. त्यामागची सगळी कारणं इथे मांडत नाही. मात्र मी ज्या पतसंस्थेचा सभासद आहे, तिथली सभा सांगतो. कोरमअभावी अर्धा तास तहकूब, मग तीच दहा-बारा डोकी, आणि ‘मंजूर, मंजूर’. गेल्या वर्षी मी थकबाकीचा आकडा विचारला, तर शेजारच्या गृहस्थांनी बाही ओढली, “बसा हो, चहा गार होतोय.” सगळे माझ्याच वयाचे. तरुण एकही नाही. आमच्या मुलांना आम्ही शेअरचा दाखला दिला, सभेला कधी नेलंच नाही. ही चूक आमची.

सप्टेंबरमध्ये बहुतेक संस्थांच्या वार्षिक सभा असतात. त्यांच्या तारखा आपण छापाव्यात, ही विनंती. यंदा मी मुलीला घेऊन जाणार आहे, ताळेबंद आधी घरी वाचून.

आपला,
एक सभासद
दांडिया बाजार, वडोदरा