बाबा, तूर्तास बर्डीवर जाऊ नका

ती. आईबाबा,
सा. न. वि. वि.

कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, "काका, डबा झाला हा, नवीन घेऊन टाका," आणि तुम्ही लगेच रविवारी बर्डीच्या बाजारात नवा कॉम्प्युटर घ्यायला जायचं ठरवूनही टाकलं, असं आईकडून कळलं. बाबा, जरा थांबा. फोनवर मी काही सांगायला लागले की तुम्ही "हो हो, समजलं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून हे मोठ्या टायपात छापून पाठवते आहे. चष्मा लावून सावकाश वाचा.

कॉम्प्युटर डबा झालेला नाही. सोसायटीचा हिशोब एक्सेलमध्ये उघडतो, प्रिंटर चालतो, तुमचा पत्त्यांचा डावही चालतो. अडतं ते फक्त इंटरनेटवर गेलं की. मग दुखणं ब्राउझरचं आहे, म्हणजे इंटरनेटची पानं उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रामचं. एवढ्यासाठी आख्खं मशीन बदलायला सांगणारा दुकानदार वाईट माणूस असेलच असं नाही, पण त्याचं पोट विकण्यावर आहे, दुरुस्तीवर नाही.

झालं काय ते सांगते. आपल्याकडे विंडोज 7 आहे. मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती 14 जानेवारी 2020 ला थांबवली. गुगलने त्यानंतरही तीन वर्षं त्यावर क्रोम, म्हणजे आपला सध्याचा ब्राउझर, चालू ठेवलं, पण 2023 च्या सुरुवातीला आलेलं 109 हे विंडोज 7 वर चालणारं शेवटचं क्रोम. त्यापुढचं आपल्या मशीनवर बसतच नाही. वर जी पिवळी पट्टी येते आणि तुम्ही रोज फुलीवर क्लिक करून घालवता, ती हेच सांगत असते. जुन्या क्रोमने आज सगळं बंद पडत नाही, एकेक साइट हळूहळू रुसत जाते. कुठे बटण दाबलं जात नाही, कुठे पान अर्धंच येतं. तुम्हाला वाटतं मशीन म्हातारं झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग एज टाकू, ऑपेरा टाकू. शेजारच्या काकांनी ब्रेव्ह सुचवला होता, तेही आई म्हणाली. या सगळ्यांच्या पोटात पान उलगडून दाखवणारं इंजिन एकच आहे, क्रोमचंच, क्रोमियम नावाचं. क्रोमियमने विंडोज 7 सोडली तशी या सगळ्यांनीही सोडली. नावं चार, दुकान एक. खरा वेगळा ब्राउझर हवा तर इंजिन वेगळं असलेला घ्यायला हवा, आणि तसे फार उरलेले नाहीत.

त्यातला माझ्या मते आपल्यासाठी पहिला म्हणजे फायरफॉक्स. नुसता फायरफॉक्स नाही, त्याची 115 ईएसआर नावाची, जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती. फायरफॉक्स 115 जुलै 2023 मध्ये आला आणि विंडोज 7 साठी तोच शेवटचा. पण तो बनवणाऱ्या मोझिलाने जुन्या मशीनवाल्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. याच आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या देत राहिले आणि मुदत एकदा नाही, अनेकदा वाढवली. कधीतरी ती संपणारच. तोवर क्रोम 109 पेक्षा हा शंभर पटीने बरा, कारण त्या क्रोमला कोणी हातही लावत नाही.

तो उतरवताना मात्र गुगलवर शोधू नका. वर "प्रायोजित" लिहिलेले जे पहिले दोन-चार निकाल येतात, त्यात हिरव्या रंगाचं मोठ्ठं "डाउनलोड" बटण असतं आणि त्यातून नको ते मशीनमध्ये शिरतं. वरच्या पट्टीत स्वतः मोझिला डॉट ऑर्ग टाइप करा आणि तिथून 115 ईएसआर घ्या. बसवताना तो क्रोममधून बुकमार्क आणू का विचारेल, हो म्हणा. पासवर्ड आणू का विचारेल, नाही म्हणा. का, ते पुढे सांगते.

फायरफॉक्स बसला की सगळ्यात आधी त्यात युब्लॉक ओरिजिन हे अॅड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं, जाहिराती अडवणारं छोटं साधन, टाका. फुकट आहे. बाबा, खरा फरक इथे पडेल. तुम्ही सकाळी जी बातम्यांची साइट उघडता, तिथे बातमी असते चार परिच्छेदांची, आणि आजूबाजूला आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, सरकणाऱ्या पट्ट्या, तुम्ही कोण हे टिपून ठेवणारे तुकडे. बिचाऱ्या 2 जीबी मेमरीचा जीव त्यातच जातो. युब्लॉक हे सगळं पान उघडायच्या आधीच अडवतो. मी इथे पुण्यात ऑफिसच्या एका तितक्याच जुन्या मशीनवर करून पाहिलं, पंख्याचा आवाजसुद्धा खाली आला.

दुसरा ब्राउझर पेल मून. 2009 पासून आहे, फायरफॉक्सच्या जुन्या घराण्यातला, पण आता इंजिन स्वतःचं, गोआना नावाचं. विंडोज 7 वर आजही चालतो. दिसायला तुम्हाला आवडेल, वर मेनू, खाली पट्टी, सगळं जिथल्या तिथे, 2010 मध्ये आपण मशीन आणलं तेव्हा होतं तसं. आणि हलका आहे. पण तो हलका का आहे हे समजून घ्या, कारण माझं मुख्य म्हणणं तिथेच आहे.

हल्लीचे ब्राउझर प्रत्येक साइटला वेगळ्या खोलीत ठेवतात, मध्ये भिंत. 2018 मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधलीच एक खोट उघड झाली, त्यानंतर क्रोमने या भिंती सगळ्यांसाठी चालू केल्या आणि त्यामुळे मेमरी 10 ते 13 टक्के जास्त लागेल हे गुगलने स्वतःच सांगितलं. फायरफॉक्सनेही 2021 च्या अखेरीस तेच केलं. पेल मूनमध्ये या भिंती नाहीत, सगळा संसार एकाच खोलीत. म्हणून त्याला मेमरी कमी लागते. म्हणजे त्याचा हलकेपणा आणि त्याची उणीव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. वाचायला उत्तम. आई मराठी विकिपीडियावर जे तासन् तास वाचत बसते त्याला याहून चांगलं काही नाही. पण तिथे बँक उघडायची नाही.

खरं तर फायरफॉक्समध्येही नाही. ब्राउझर कितीही नवा टाकला तरी खाली जमीन विंडोज 7 ची आहे आणि ती डागडुजीविना पडून आहे. म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि हे तुम्ही ऐकायलाच हवं. त्या कॉम्प्युटरवर वाचा, लिहा, गाणी ऐका, हिशोब ठेवा, पण पैशाचं काम त्यावर नको. पेन्शन जमा झाली का हे बघणं, विजेचं बिल, महानगरपालिकेचा घरटॅक्स, सगळं मोबाईलवरून. त्याला अपडेट येतात. नोव्हेंबरातला हयातीचा दाखलासुद्धा आता मोबाईलसमोर चेहरा धरून होतो, मी आले की एकदा बसून करून देते. आणि क्रोममध्ये तुम्ही बँकेचा पासवर्ड साठवून ठेवला आहे, मला माहीत आहे. तो तिथून काढा आणि बँकेचा पासवर्ड मोबाईलवरून बदलून घ्या. मोबाईलच्या बारीक अक्षरांचा वैताग येतो हे मान्य. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करता येतात, आईला येतं ते.

सुपरमियम नावाचाही एक ब्राउझर आहे. नव्या क्रोमियमलाच ठोकून-ठाकून त्याहून जुन्या विंडोज एक्सपीवर आणि विंडोज 7 वर चालवतात. एखादी साइट फायरफॉक्समध्ये उघडलीच नाही तर कामाला येईल. पण मोजक्या लोकांचा उद्योग आहे तो, रोजच्यासाठी मी नाही ठेवणार. नेटसर्फ, डिलो असे अगदी पिसासारखे ब्राउझरही आहेत. डिलो तर 1999 पासूनचा, पण पानांवरची बटणं-हालचाली चालवणारी जावास्क्रिप्ट त्यात चालतच नाही, त्यामुळे आजची बरीच पानं कोरी दिसतील. हे माझ्यासारख्यांच्या हौसेचे प्रकार, तुम्ही त्यात पडू नका. शेजारच्या काकांचं एक्सपीचं मशीन मात्र इंटरनेटला न जोडलेलंच बरं.

आता ते "हे कनेक्शन सुरक्षित नाही" चं. आई म्हणाली, लाइट जाऊन आले की प्रत्येक साइटवर तेच येतं, आणि मग तासाभराने तुम्ही काहीतरी खटपट करून नीट करता. तुम्ही तारीख नीट करता ना? उजव्या कोपऱ्यात खाली बघा, तिथे मशीन तयार झालं त्या सुमाराची तारीख आलेली असेल. प्रत्येक साइटच्या ओळखीच्या प्रमाणपत्राला मुदत असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. मशीनला वाटतं आज 2010 आहे, म्हणून त्याला सगळीच प्रमाणपत्रं खोटी वाटतात. हा ब्राउझरचा दोष नाही आणि व्हायरसही नाही. आत मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, त्यावर सीआर 2032 लिहिलेलं असतं. तो संपला. घड्याळवाल्याकडेही मिळतो, किरकोळ पैशांत. वायर काढून, कॅबिनेटचं बाजूचं पान उघडा. सेलच्या कडेला छोटीशी पितळी खिटी असते, ती नखाने बाहेर ओढली की सेल टपकन वर येतो. नवीन बसवताना अक्षरांची बाजू वर. मग तारीख एकदा लावा, झालं. दुकानदाराने एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं.

उघडलंच आहे तर प्रोसेसरवरचा पंखाही बघून घ्या. आपलं मशीन कूलरच्या तोंडाशी ठेवलेलं आहे. उन्हाळाभर ती ओली हवा आणि धूळ आत जाऊन पंख्याखालच्या पत्र्यांवर घोंगडीसारखा थर बसतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की आधीच तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. तुम्ही मला म्हणाले होते, "दुपारी तर अजिबातच नाही चालून राहिलं." ते यामुळे. कोरड्या रंगाच्या ब्रशने हळूच झटका, पाती एका बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. आणि टेबल कूलरसमोरून हलवा. आईने हे मागेच सांगितलं होतं म्हणे.

आई, तुझं गाण्याचं. व्हिडिओ अडखळतो कारण यूट्यूब हल्ली तो ज्या नव्या पद्धतीने दाबून पाठवतं, ती उलगडायला आपल्या प्रोसेसरला फार कष्ट पडतात. फायरफॉक्समध्ये एच264इफाय नावाचं छोटं अॅड-ऑन टाकलं की यूट्यूब जुन्या, सोप्या पद्धतीने पाठवतं. शिवाय चाकाच्या खुणेवर क्लिक करून चित्राचा दर्जा 360 किंवा 480 ठेव. गाणं ऐकायचं आहे, गायकाच्या कुर्त्याची वीण मोजायची नाही.

कधी पडदाभर लाल पान येऊन भोंगा वाजायला लागला आणि "या नंबरवर फोन करा" दिसलं तर करू नका. अल्ट दाबून एफ4 दाबा. आणि कोणीही, अगदी गोड आवाजात, "एनीडेस्क टाका, आम्ही ब्राउझर अपडेट करून देतो" म्हणाला तर फोन ठेवून द्या, त्या एनीडेस्कने तो दुरून आपलं मशीन चालवू शकतो. गोड बोलायचं कारण नाही, सरळ ठेवा.

हे सगळं दिवाळीपर्यंतचं. दिवाळीत मी येते आहे, तेव्हा माझ्या मनात विंडोज काढून तिच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी यंत्रणा टाकायचं आहे. फुकट आहे, कमीत कमी 2 जीबी मेमरी मागतं, 4 असली तर सुखाने चालतं, आणि त्यावर आजचा ताजा फायरफॉक्स येतो, म्हणजे हा जुन्या आवृत्त्यांचा खेळच संपेल. मग पैशाच्या कामाबद्दल पुन्हा बोलू. तुमच्या एक्सेलच्या फायली त्यावरच्या लिब्रेऑफिस नावाच्या प्रोग्राममध्ये उघडतात, मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही तोच राहतो. आधी नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवीन, आतलं काही न पुसता. नाही आवडलं तर पेन ड्राइव्ह काढून घेऊ. जमलं तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, टाकू, नव्या मशीनच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

त्यासाठी मला एक माहिती हवी आहे. डेस्कटॉपवरच्या "कॉम्प्युटर" वर उजवं बटण दाबा, सगळ्यात खालचं "प्रॉपर्टीज" घ्या. तिथे प्रोसेसरचं नाव, मेमरी किती, आणि 32 बिट आहे की 64 बिट अशा ओळी दिसतील. आई, त्याचा मोबाईलवर फोटो काढ आणि मला पाठव. बाबा, तुम्ही कागदावर उतरवून मग वाचून दाखवू नका, मागच्या वेळी त्यात अर्धा तास गेला.

बाकी इकडे सगळं ठीक. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही फोटोसोबत लिहा.

तुमची,
लेक