चि. सानिकास

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा आई शेजारीच होती. बोलली काही नाही, नुसती माझ्याकडे बघून आत गेली. चूक माझीच होती. ऑफिसच्या तपासणीत बीपी 146/94 आलं एवढंच तू सांगत होतीस आणि मी तुझी नोकरी, तुझं घर, तुझी जागरणं सगळं एका दमात काढलं. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. पुन्हा मोजलंस का, हे या पत्रात विचारायचं नाही असं ठरवून बसलोय.

तू म्हणालीस, "बाबा, मी 31 वर्षांची आहे, मीठ बेताचं खाते, रोज पळते, मला कसं होईल?" मी त्यावर गप्प झालो, कारण त्याचं अर्धं उत्तर मी आहे. मला 41व्या वर्षी गोळी सुरू झाली. आजीला 52व्या वर्षी झटका आला. तुला आठवते ती खाटेवरची आजी, उजवा हात मांडीवर पडलेला आणि डाव्या हाताने तुझी वेणी घालायला बघणारी. त्याआधीची आजी तू पाहिली नाहीस. दोन्ही कडेवर दोन घागरी घेऊन चढ चढायची. तिचं बीपी त्या दिवसापर्यंत कुणी कधी मोजलंच नव्हतं.

हे आपल्या रक्तात आहे हे मला तुला आधीच सांगायला हवं होतं. माणसामाणसांच्या रक्तदाबात जो फरक असतो, त्यातला साधारण 30 ते 50 टक्के आनुवंशिक असतो असं धरतात. बीपीचा एकच एक जनुक नसतो. आजवर जनुकांत हजाराहून जास्त जागा सापडल्या आहेत आणि बहुतेकींचा वाटा बीपीच्या आकड्यात एक मिलिमीटरच्याही (पाऱ्याच्या) आतला. थेंबाथेंबाने साचतं ते. आणि कुणाच्या वाट्याला कुठले थेंब येतील ते आधी सांगता येत नाही. आत्याकडे बघ, त्याच आईची मुलगी, 68व्या वर्षीही 120/78. मी मात्र आजीवर गेलो. तू नाकाने आईवर गेलीस, कपाळाने माझ्यावर, आणि बाकी कशात माझ्यावर गेली आहेस ते आता मशीनच सांगणार. म्हणूनच मोजायचं म्हणतो. बघ, निघालाच विषय.

पण मला झोप लागत नाही ती रक्तामुळे नाही, ती तुझ्या खिडकीमुळे. मार्चमध्ये तुझ्याकडे आलो होतो तेव्हा संध्याकाळी तू ओल्या फडक्याने खिडकीची चौकट पुसलीस. सकाळी मी सहज बोट फिरवलं तर काळं. एका रात्रीत. मी तेव्हा काही बोललो नाही, बोट रुमालाला पुसलं. आणि डोळ्यांना दिसते ती धूळ तरी जाड म्हणायची. खरी घातक ती पीएम 2.5, केसाच्या जाडीच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाची. ती नाकात अडकत नाही, फुप्फुसाच्या पार टोकाला जाते आणि तिथे सूज धरवते. त्यातलं अगदी बारीक असतं ते रक्तात उतरतं. शरीर संकट आल्यासारखं वागायला लागतं, रक्तवाहिन्या आवळतात, त्यांचं आतलं अस्तर त्यांना पुन्हा सैल होऊ देत नाही. दाब चढतो. हे काही तासांतही होतं. चढ थोडकाच असतो, पण रोज तीच हवा असेल तर तो मुक्कामाला येतो. ज्याच्या रक्तात आधीच ओझं आहे त्याच्यावर हे वरचं ओझं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 ची वार्षिक मर्यादा दर घनमीटर हवेत 10 वरून 5 मायक्रोग्रॅमवर आणली. तुझ्या भागाचा आकडा मी रोज सकाळी मोबाईलवर बघतो. तो इथे लिहीत नाही.

आजीचंही मला आता वेगळं वाटतं. आम्ही सगळे म्हणत आलो, घराण्यातच आहे. पण ती 30-35 वर्षं ओल्या लाकडांच्या धुरात डोळे पुसत बसली, ते कुणी हिशेबात धरलं नाही. ग्वाटेमालात बायकांना धुराडं असलेल्या चुली देऊन त्यांचं बीपी मोजलं होतं, 2007 साली ते प्रसिद्ध झालं. उघड्या चुलीवर रांधणाऱ्या बायकांपेक्षा या बायकांचं वरचं 3.7 आणि खालचं 3 मिलिमीटरने कमी भरलं, नुसत्या धुराड्याने. आमच्या चुलीला धुराडं नव्हतं. माझ्या पहिल्या पगारात ते सहज झालं असतं. मी सायकल घेतली.

म्हणून सांगतो, हायवेच्या कडेने पळू नकोस. पळताना माणूस कितीतरी पट हवा ओढतो. गाड्यांची गर्दी व्हायच्या आधी आतल्या बागेत जा, हवा फारच वाईट असेल त्या दिवशी घरातच व्यायाम कर. गर्दीच्या वेळी खिडकी बंद, मग थोडा वेळ उघडायची. झोपायच्या खोलीत हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या जाळीचा, प्युरिफायर ठेव. बाहेर एन 95 मास्क, आणि तो नाकाला घट्ट बसायला हवा, हनुवटीवर लोंबणारा नको. साधं कापड या धुळीला पुरत नाही. डॉक्टरांना आजीचं आणि माझं वय सांग, झटक्याचं आणि गोळीचं. ते लपवण्यासारखं नाही.

पुन्हा भाषणच झालं. माफ कर. पळू नकोस असं मी तुला म्हणावं हेच मला लागतं. शाळेच्या 800 मीटरला तू शेवटच्या वळणावर तिघींना मागे टाकलंस तेव्हा मी कुंपणाची तार इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठला होता. घरी येऊन तो आईला दाखवला होता. तुझं पळणं मला अजून तसंच दिसतं. फक्त रस्ता बदल, एवढंच.

आणि एका आकड्याने काही ठरत नाही, हे मी फोनवर म्हणायला हवं होतं. ऑफिसात, रांगेत, घाईत कुणाचंही चढतं. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा वर आलं तर मग ते बीपी. घरी मोजताना 135/85 ही रेघ धरतात. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोज. आधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं शांत बस, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. एक मिनिट सोडून परत एकदा. जगात बीपी असलेल्या 40 टक्क्यांहून जास्त लोकांना ते आहे याचाच पत्ता नसतो. आजीला नव्हता. तुला पहिल्याच आकड्याला कळलं, याचं मला रविवारपासून बरंही वाटतंय आणि रात्री दोनला जागही येतेय.

कुरिअरने मशीन पाठवलं आहे. पट्टा चुकीच्या मापाचा असला तर आकडा चुकतो, म्हणून आईने तुझ्या निळ्या कुर्त्याच्या बाहीला टेप लावून दंडाचं माप काढलं. मध्यम पट्टा घेतला आहे. दंडाला घट्ट होत असेल तर मोठा पाठवतो.

आकडा मला कळवायलाच हवा असं नाही. आईला सांगितलास तरी चालेल.

तुझे,
बाबा