सकाळची प्रार्थना तुझ्याकडे आली आहे

इंदूर

प्रिय बेटा,

प्रभूच्या नावात सलाम.

सोमवारपासून तुझ्या ग्वाल्हेरच्या शाळेची सकाळची प्रार्थना तुझ्याकडे दिली आहे, हे तू परवा फोनवर सांगितलंस आणि त्याच दमात विचारलंस, "पप्पा, समोर एवढी मुलं, त्यातली ख्रिस्ती बोटांवर मोजण्याइतकी. मी नेमकं म्हणू काय?" असल्या गोष्टी फोनवर नीट बोलता येत नाहीत, म्हणून लिहायला बसलो. तुझी आई शेजारी बसून भाजी निवडते आहे आणि मधून मधून "हेही लिहा" म्हणते आहे. तिचं म्हणणं यात मिसळलेलं आहे, वेगळं काढता येणार नाही.

तू ख्रिस्ती आहेस, तेव्हा ख्रिस्ती म्हणूनच प्रार्थना कर. प्रभूचं नाव घ्यायला कचरू नकोस. जिच्या फाटकावर क्रूस आहे त्या शाळेत येशूचं नाव घेतलं जाईल हे पालकांना ठाऊकच असतं. ते नाव गिळून टाकलंस तर उलट त्यांनाच चुकल्यासारखं होईल. पण प्रार्थना देवाशी असते, मुलांशी नसते, हे पक्कं धरून ठेव. मुलांनी डोळे मिटलेत म्हणून त्या संधीत त्यांना उपदेश करायचा नाही. "हे प्रभू, नववीच्या मुलांना शिस्त दे" असली प्रार्थना मी पुष्कळ ऐकली आहे. ती देवापर्यंत जात नाही आणि मुलांना तर ती बरोबर कळते. आभार मान, आजाऱ्यांसाठी माग, आज जे शिकायचं आहे त्यावर आशीर्वाद माग, आमेन म्हण. दोन मिनिटं खूप झाली.

आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या तोंडाने सांग, की ज्याला हात जोडायचे नाहीत त्याने जोडू नयेत, आमेन म्हणायचं नसेल त्याने म्हणू नये, फक्त शांत उभं राहावं. राज्यघटनेचं कलम २८(३) हेच सांगतं: सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आणि अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क देणारं कलम ३० त्याच घटनेत आहे. आपली लोकं कलम ३० फार लवकर पाठ करतात. तू दोन्ही पाठ कर.

मला यात कायद्याहून मोठी गोष्ट दिसते. मुलाला आपलं घर शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत यावं लागू नये. शाळेत शिकवताना मी एवढी एक गोष्ट जपली.

इथली हुकुमचंद कापड मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. माझ्या वर्गात मिल कामगारांची मुलं होती. एकेक करून ती मुलं गप्प होत गेली. डब्यात आधी पोळी-भाजी असायची, मग पोळी आणि मिरची, मग ते मूल मधल्या सुट्टीत नळाकडेच फिरत राहायचं. त्या कामगारांचे थकलेले पैसे सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, हे तू पेपरात वाचलंच आहेस. तोवर ती मुलं स्वतः बाप झाली होती. आमच्या शाळेत त्या दिवसांत शिक्षकांनी आपापसांत ठरवलं आणि दर महिन्याला काही पैसे एका पाकिटात घालून कार्यालयात द्यायला लागलो. ज्याची फी राहिली असेल त्याच्या नावाची पावती फाटायची. कोणी भरली हे मुलाला कळायचं नाही, बापालाही नाही. मोठ्या बाईंचा हुकूमच होता तसा. कोणाही मुलाला फीसाठी प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला काढायचं नाही, हा त्यांचा दुसरा हुकूम. देवासमोर उभं असताना कोणाची थकबाकी विचारायची नसते, असं त्या म्हणायच्या. तुझ्या शाळेत काय रीत आहे ते बघ. चुकीची असेल तर आधी मुख्याध्यापिकेशी एकटीने बोल, स्टाफरूममध्ये नको.

त्याच मुलांचे वडील अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले हलते देखावे, बनवायचे. मिल बंद पडली, पगार थांबले, तरी वर्गणी काढून झांकी निघत राहिली. आपण रात्र रात्र जागून त्या बघायला जायचो, तुला खांद्यावर घेऊन मी राजवाड्याकडच्या गर्दीत उभा राहायचो, आठवत असेल. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला विचारलंही होतं, की आपण ख्रिस्ती लोकांनी तिथे जावं का. मी त्यांना सांगितलं, ज्या मुलाला मी दिवसभर शिकवतो त्याच्या बापाच्या हातचं काम बघायला मी जातो. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारायचो, की हत्तीची सोंड हलत होती ती कशावर? आणि सदा खाली मान घालून बसणारा मुलगा उठून फळ्यावर कप्पी आणि पट्ट्याची आकृती काढून दाखवायचा. त्याची पूजा माझी नव्हती आणि तसं मी कधी भासवलंही नाही. पण त्याचं घर वर्गात आलं, त्या दिवसापासून तो गणितात बोलायला लागला.

आपलंही घर लपवायचं नाही, हे तेवढंच खरं. आपण मराठी लोकांत ख्रिस्ती आणि इथल्या ख्रिस्ती लोकांत मराठी. तुझे आजोबा नगरहून इथे आले तेव्हा रविवारी उपासना हिंदीत व्हायची आणि घरी संध्याकाळी पेटी काढून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं मराठीत. लोक दोन्हीकडून विचारायचे, तुम्ही नेमके कोणाचे? आजोबा म्हणायचे, विचारणाऱ्याला आधी चहा द्या. स्टाफरूममध्ये तुलाही असले प्रश्न येतील. राग मानू नकोस. नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळे घेऊन जा आणि दिवाळीला त्यांचं ताट आलं की मनापासून घे.

टिळकांवरून आठवलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली वर्षं त्या घराने काय सोसलं असेल! आधी ताटातूट, मग एकत्र आल्यावरही त्या आपलं सोवळं सांभाळून होत्या. ज्या माणसाच्या गीतांवर आपल्या मंडळ्या वाढल्या, त्याच्या स्वतःच्या घरातही श्रद्धा ओढून आणता आली नाही. ती आपल्या पायांनी आली. मग शाळेतल्या परक्या लेकरांना ओढणारे आपण कोण? कोणाच्या मनात प्रभू काय करेल ते त्याचं काम आहे. आपलं काम इतकंच, की आपल्याकडे बघून कोणाला प्रभूच्या नावाची चीड येऊ नये.

ग्वाल्हेरलाही लोक संशयाने विचारतील. मध्य प्रदेशात धर्मांतराबद्दलचा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये नवा आला, आणि शाळांवर लोकांची नजर असते. घाबरून कुजबुजायचं नाही आणि चिडून भांडायचंही नाही. कोणी पालक म्हणाले की प्रार्थनेत काय शिकवता, तर त्यांना म्हण, उद्या सकाळी या, मुलांच्या मागे उभे राहा, ऐका. रोज या हवं तर. आमच्याकडे एक आजोबा नातवासाठी असेच यायचे. पुढे पुढे ते प्रार्थनेच्या आधीच येऊन आवारातली पाण्याची टाकी भरली आहे का ते बघायचे.

राणी मारिया सिस्टरची गोष्ट तुला माहीत आहे. केरळातून इथे आल्या, उदयनगरच्या भागात गरीब शेतकरी आणि मजूर लोकांना सावकारांच्या पाशातून सोडवण्यासाठी झटल्या, आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या बसमध्ये त्यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये कॅथलिक चर्चने त्यांना धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. आपण कॅथलिक नाही, पण त्यांची गोष्ट आपल्या घरात पुष्कळदा निघते. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन खून करणाऱ्याला राखी बांधली. मला या गोष्टीत क्षमेइतकीच ती राखी महत्त्वाची वाटते. त्या माणसाला जे समजत होतं, त्याच्या घरात जे पवित्र होतं, तेच त्यांनी हातात घेतलं.

एवढी मोठी क्षमा आपल्या वाट्याला येत नाही, पण शाळेत लहान लहान रोज येते. ज्या मुलाला काल शिक्षा केलीस त्याला आज सकाळी पहिल्यांदा नावाने हाक मार आणि काहीतरी काम सांग, खडू आणायला पाठव, हजेरीचं रजिस्टर दे. शिक्षा संपली हे त्याला कळायला हवं. आई म्हणते आहे, हे शाळेत काम करणाऱ्या आयांना आणि चपराश्यांनाही लागू होतं, तेवढं लिहा. लिहिलं.

नाताळचं नाटक बहुधा तुझ्याकडेच येईल. तिथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ. आपल्याकडे देवदूत गोरा होतो, मरिया गोरी होते आणि मेंढपाळ सावळे होतात. कोणी ठरवून करत नाही, तरी दर वर्षी होतं. तू होऊ देऊ नकोस. मरियेचं काम जिला आजवर कधी स्टेज मिळालं नाही अशा मुलीला दे. तिची आई पहिल्या रांगेत बसेल असं बघ. पाहुण्यांच्या खुर्च्या मागे सरकल्या तरी चालतील.

आणि आपली जी थोडी ख्रिस्ती मुलं आहेत, पाळकसाहेबांची, शिक्षकांची, त्यांना जरा मोकळं सोड. प्रत्येक वेळी शास्त्र वाचायला तीच, गीत म्हणायला तीच, आणि मस्ती केली की "तू तर ख्रिस्ती ना?" हे ऐकायलाही तीच. तू स्वतः त्यातून गेली आहेस. आठवीत तू एकदा रडत घरी आली होतीस आणि म्हणाली होतीस, मला एक दिवस नुसती मुलगी होऊ द्या. ते मी विसरलेलो नाही.

रविवारी तिथल्या मंडळीत जा. हिंदी उपासना असली तरी आपलीच आहे. १९७० साली नागपुरात उत्तर भारतातल्या मंडळ्या एक होऊन सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा नगर काय आणि ग्वाल्हेर काय. मागच्या बाकावर बसून आमेन झाल्याबरोबर निघू नकोस. मंडळीत शाळेच्या मॅडम म्हणून वावरू नकोस, सतरंज्या घडी करायला हात लाव. आणि रात्री झोपण्यापूर्वी एक स्तोत्र मराठीतून वाच, मोठ्याने. खोलीत एकटी असलीस तरी मोठ्याने.

शाळा माणसाला पुरती गिळू शकते, हेही सांगून ठेवतो. ख्रिस्ती शाळेत तर "प्रभूचं काम आहे" म्हणून रविवारीसुद्धा बोलावतात. प्रभूने सातवा दिवस विश्रांतीसाठी दिला आहे, तो कोणाला देऊ नकोस. लग्नाचं मी या पत्रात काढत नाही, आईला तसं वचन दिलं आहे.

पहिल्या पगाराचा दशांश तिथल्याच मंडळीत दे, इकडे पाठवू नकोस. आमचं पेन्शनमध्ये नीट चाललं आहे. आईने गोडा मसाला आणि सेव बांधून ठेवली आहे, पुढच्या आठवड्यात शेजारचा मुलगा ग्वाल्हेरला येतो आहे, त्याच्याकडे देतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुनी मराठी घरं आहेत, चार ओळखी काढ, सणावारी उपयोगी पडतात. आणि हिवाळा तिकडे इंदूरपेक्षा कडक असतो. शाल घेऊन गेली नाहीस, तीही पाठवतो आहे.

तुझे
पप्पा