क्लब बदलला म्हणजे निष्ठा सोडली असे नव्हे

महोदय,

एखाद्या खेळाडूने संघ बदलला की आपल्याकडच्या बातमीत ‘पैशांसाठी गेला’ हा सूर हटकून उमटतो. युरोपातले बास्केटबॉल मी बरीच वर्षे रात्री जागून पाहतो आहे. तिथल्या शारुनास यासिकेविचियुसची कारकीर्द डोळ्यांसमोर आणली की हा सूर मला साफ अन्यायाचा वाटतो.

हा लिथुआनियातल्या कौनासचा पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ रचणारा खेळाडू. विल्नियसपासून सुरुवात, मग लुब्लियाना, बार्सिलोना, तेल अवीव, अमेरिका, अथेन्स, इस्तंबूल. युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा त्याने चार वेळा जिंकली, तीही तीन क्लबांकडून: 2003 ला बार्सिलोना, 2004 आणि 2005 ला तेल अवीवचा माकाबी, 2009 ला अथेन्सचा पानाथिनाइकोस. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये मात्र जानेवारी 2007 मध्ये आठ खेळाडूंच्या अदलाबदलीत इंडियाना संघाने त्याला गोल्डन स्टेट संघाला देऊन टाकले. युरोपात सहसा असे होत नाही. करार एक-दोन वर्षांचा असतो आणि तो संपला की पुढे कुठे जायचे हे खेळाडू ठरवतो. मग त्याला भटक्या म्हणून हिणवायचे कशासाठी?

एप्रिल 2004 मधला माकाबी–झालगिरिस सामना आठवतो. झालगिरिस म्हणजे यासिकेविचियुसच्या गावचा क्लब, आणि हा प्रतिस्पर्धी संघात. झालगिरिस तीन गुणांनी पुढे, घड्याळात दोनेक सेकंद उरलेले, आणि माकाबीच्या डेरिक शार्पचा थ्री-पॉइंटर (लांबून केलेला तीन गुणांचा बास्केट) बसला! जादा वेळेत माकाबी जिंकले, कौनासचे फायनल फोर, म्हणजे युरोलीगची शेवटच्या चार संघांची फेरी, हुकले. आपले काम यासिकेविचियुसने चोख केले. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये देशाच्या जर्सीत 28 गुण करून त्याने अमेरिकेला हरवले.

खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम त्याने झालगिरिसकडूनच खेळला. पुढे प्रशिक्षक होऊन 2018 मध्ये त्या तुलनेने कमी पैशांच्या क्लबाला फायनल फोरमध्ये नेले. 2017 मध्ये त्याचा खेळाडू ऑगस्टो लिमा बाळाच्या जन्मासाठी उपांत्य फेरीची मालिका सोडून गेला. पत्रकाराने त्यावर शंका काढली, तेव्हा यासिकेविचियुसने त्याला भर पत्रकार परिषदेत उलट विचारले, तुम्हाला मुले आहेत का? बाप होण्यापेक्षा सामना मोठा नाही, हे त्याने तिथे ठणकावून सांगितले. 2025 मध्ये त्याच्या प्रशिक्षणाखाली इस्तंबूलच्या फेनेरबाचेने अबुधाबीत मोनॅकोला नमवून युरोलीग जिंकली.

दर मे महिन्यात फायनल फोर असते. निदान तेव्हा तरी क्रीडापानावर अर्धा रकाना द्यावा आणि क्लब बदलाच्या बातमीत कराराची मुदतही छापावी, ही विनंती.

– एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, नागपूर