डीअरफील्डचे दार

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. आईच्या गुडघ्याची चौकशी फोनवर करीनच. हे पत्र मात्र निवांत वाचण्यासाठी आहे. बाबा, तुम्ही वर्गात इंग्लंड आणि फ्रान्स ज्यात एकमेकांविरुद्ध लढले ते स्पेनच्या वारसाहक्काचे युद्ध शिकवत असताना अमेरिकेतील वसाहतींचा उल्लेख एका वाक्यात येऊन जात असे. गेल्या रविवारी त्या वाक्यात दडलेले एक गाव मी पाहून आले.

बॉस्टनहून दोन तासांवर, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात डीअरफील्ड आहे. 1704 साली, म्हणजे आपल्याकडे महाराणी ताराबाई औरंगजेबाशी झुंजत होत्या त्या काळात, ते इंग्रजांच्या वस्तीचे वायव्येकडचे टोक होते. 29 फेब्रुवारीच्या पहाटेपूर्वी एर्तेल द रूव्हिल या अधिकाऱ्याच्या हाताखाली पन्नासेक फ्रेंच आणि त्यांच्याबरोबर दोनशेहून अधिक अबेनाकी, मोहॉक, ह्यूरन वगैरे मूलनिवासी योद्धे गावावर चालून आले. गावाभोवती लाकडी कोट होता, पण त्याला लागून बर्फाचे ढीग इतके उंच साचले होते की त्यावरूनच ते आत उतरले. पहारा गाफील होता. सुमारे तीनशे वस्तीच्या त्या गावातील पन्नासच्या आसपास माणसे मारली गेली, 112 कैद झाली आणि अनेक घरे जळाली.

एका घराचे दार मात्र टिकले. ते घर 1848 मध्ये पाडले गेले, पण दार जपून ठेवले आणि आता तेथील संग्रहालयात आहे. जाड फळ्या, त्यांवर ठोकलेले खिळे आणि मधोमध कुऱ्हाडीने फोडलेले ओबडधोबड भोक, ज्यातून झाडलेल्या गोळीने घरातील स्त्री ठार झाली. त्या भोकाच्या कडेचे लाकूड अजून फाटल्यासारखे दिसते. मी तेथे बराच वेळ उभी होते.

बाबा, या हल्ल्याला केवळ युरोपातील राजघराण्यांचे भांडण कारण नव्हते. कॅनडातील फ्रेंच संख्येने थोडे असल्यामुळे मूलनिवासींशी असलेली युती टिकवणे त्यांचे गव्हर्नर व्होद्रेय यांना भाग होते, आणि इंग्रजांची शेते अबेनाकींच्या भूमीत सरकत चालली होती. डीअरफील्डची जमीन मुळात पोकमटक लोकांची. 1676 मध्ये याच नदीच्या धबधब्यापाशी, मासेमारीसाठी उतरलेल्या मूलनिवासींच्या तळावर इंग्रजांनी पहाटेच हल्ला करून बायका-मुलांनाही मारले होते. गावातील दाराची हकीकत सांगताना धबधब्याची हकीकत गाळली, तर ती अर्धीच राहते, असे मला मनापासून वाटते.

कैद्यांना ऐन हिवाळ्यात सुमारे तीनशे मैल, कॅनडापर्यंत चालवत नेले. गावचे पाद्री जॉन विल्यम्स यांची दोन लहान मुले आणि पार्थेना ही गुलाम स्त्री हल्ल्यातच मारली गेली होती. त्यांची पत्नी ओली बाळंतीण; वाटेत नदी ओलांडताना ती पाण्यात पडली आणि चालणे अशक्य झाल्यावर तिलाही मारण्यात आले. त्यांच्या सात वर्षांच्या लेकीला, युनिसला, मात्र कैद करणाऱ्यांनी साऱ्या वाटेवर उचलून नेले आणि अतिशय मायेने सांभाळले, हे खुद्द तिच्या वडिलांनीच सुटकेनंतर लिहून ठेवले आहे. ज्यांनी आपली बायको मारली त्यांच्याविषयी ते वाक्य लिहिताना त्यांना काय वाटले असेल, ते माझ्या मनातून जात नाही.

मृत आप्ताच्या जागी कैद्याला घरात घेण्याची मोहॉकांची रीत होती. मॉन्ट्रियलजवळच्या कानावागे या वस्तीत युनिस अशीच एका घरची लेक झाली. कैदेत असताना वडिलांना तिची घटकाभर भेट मिळाली, तेव्हा तिला धर्मपाठ आठवत होता आणि तिला घरी जायचे होते. 1706 मध्ये वडील सुटले, ती राहिली. पुढे ती इंग्रजी विसरली आणि 1713 मध्ये तिने आरोसेन नावाच्या मोहॉक तरुणाशी लग्न केले. तिचे मन वळवण्यासाठी ऑल्बनीहून इंग्रजांच्या वतीने जॉन स्कायलर आले. निदान वडिलांना भेटून तरी ये, अशी त्यांनी परोपरीने विनवणी केली. कितीतरी वेळ ती गप्पच बसली आणि शेवटी मोहॉक भाषेत एवढेच म्हणाली, की ते व्हायचे नाही. वडिलांनी दुसरे लग्न केले नसते तर ती केव्हाच गेली असती, असे तिच्या नवऱ्याने सांगितले. 1714 मध्ये वडील स्वतः तिच्याकडे जाऊन आले, पण रिकाम्या हातांनी परतले. 1729 मध्ये ते वारले. ती भावांना भेटली 1740 मध्ये, तेही दुभाष्याला मध्ये घेऊन. त्यानंतरही ती माहेरी येऊन गेली, पण राहिली कानावागेतच, आणि 1785 मध्ये तिथेच वारली.

आमची लेकही आता सात वर्षांची आहे. तुमच्याशी फोनवर ती मराठीत बोलते, पण शब्द अडला की माझ्याकडे पाहते. युनिसच्या इंग्रजीची लेकीच्या मराठीशी तुलना करू नये हे मला कळते; युनिसला पळवून नेले होते, आम्ही आपण होऊन आलो. तरीही त्या दारासमोर मला युनिसच्या वडिलांचाच विचार येत राहिला. बाबा, 1714 मधल्या त्या भेटीत त्यांच्या जागी तुम्ही असता तर लेकीला काय म्हणाला असता? आणि आई, तू? फोनवर सांगू नका, पत्रानेच कळवा. दाराचे फोटो वेगळे पाठवले आहेत.

तुमची,
ताई